वाटीतली चांदीची तार

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावरच. आणि तीही बिनतक्रार ओ देई. वय चौतीस, अंगकाठी किरकोळ, आणि एका जागी बूड टेकायचं म्हटलं की तिला जणू मुंग्या चावत. फोनवर बोलता बोलता ती दोन जिने चढून उतरून यायची. चहा उभ्यानेच प्यायची. आणि नेमकं तिच्या वाट्याला काम आलं होतं ते तासन्‌तास स्टुलावर बसून श्वाससुद्धा जपून घेण्याचं.

काम असं होतं. बेडकाचं एक अंडं, मोहरीच्या दाण्याएवढं, मिठाच्या पाण्याच्या छोट्याशा वाटीत ठेवायचं. अंड्याच्या पातळ पटलात एक प्रथिन आधीच बसवलेलं असे. खाऱ्या तळ्यातल्या एका सूक्ष्मजीवाकडून आणलेला तो पंप होता. हिरवा प्रकाश पडला की तो आतला एकेक प्रोटॉन उचलून पटलाबाहेर टाकायचा. प्रकाश गेला की थांबायचा. अंड्यात काचेच्या दोन बारीक सुया टोचायच्या. एक आतलं व्होल्टेज वाचणार, दुसरी ते आपल्याला हवं तिथे धरून ठेवणार. विजेचं वर्तुळ पुरं व्हावं म्हणून वाटीच्या पाण्यात चांदीची तार बुडवलेली. मग दिव्याची झडप उघडायची, आणि पंपाने किती प्रवाह दिला ते पडद्यावर बघायचं. सुई केसभर हलली की अंडं फुटलं, सकाळ वाया.

सहा वर्षं ती हेच करत होती. आणि सहाव्या वर्षी तिला असं काही सापडलं होतं, की प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिच्या खोलीपर्यंत स्वतः चालत येऊन दारातून "शाबास" म्हटलं होतं.

तिची आई त्या दिवसांत तिच्याकडेच राहायला होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर काळा चष्मा, वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. बत्तीस वर्षं कोर्टात टाइपिस्ट म्हणून काढलेल्या बाईला दिवसभर नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे लेक दारातून आत आली की प्रश्नांची फैर सुटायची.

"ते व्होल्टेज व्होल्टेज काय करतेस, त्याचा पंपाशी काय संबंध, ते एकदा नीट सांग बघू."

"अगं आई, पेशीच्या आत ऋण भार असतो. प्रोटॉन धन. म्हणजे आतली बाजू त्याला धरून ठेवते, सोडत नाही. आत जितकं जास्त ऋण, तितकी ओढ जास्त. पंपाला त्या ओढीविरुद्ध तो प्रोटॉन बाहेर काढायचा असतो."

"म्हणजे पंप दमतो."

"दमतो. सेकंदाला चाळीस फेऱ्या मारणारा पंप दहावर येतो. आतापर्यंत पाहिलेले सगळे असेच." ती ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत फिरत बोलत होती. "माझा मात्र दमत नाही. उणे एकशे साठ मिलिव्होल्टला धरला तरी चाळीसच्या चाळीस."

"मेला तुझ्यासारखाच दिसतोय," आई म्हणाली. "आता बस जरा. तुझ्याकडे बघून माझा चांगला डोळा दुखायला लागला."

शोधनिबंध स्वीकारला गेला होता. पुढच्या महिन्यात छापून येणार होता. त्याआधी, बारा दिवसांनी, एका मोठ्या परिषदेत सर त्यावर बोलणार होते. आणि दुसऱ्या एका संस्थेने तिला कायमच्या जागेचा शब्द दिला होता. पत्र तेवढं निघायचं होतं. सहा वर्षं दरवर्षी मुदत वाढवून घेणाऱ्या माणसाला 'कायम' या शब्दाने काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. तिला आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तो तिला बसू देत नव्हता. सकाळी उठल्यापासून आपण गॅस चालू ठेवून आलोय की काय अशी एक भुणभुण तिच्या डोक्यात चालू असायची, आणि काय विसरलंय ते काही केल्या आठवायचं नाही.

ते तिला एका मंगळवारी दुपारी कळलं.

परिषदेसाठी एक सुबकसा आलेख हवा, म्हणून ती आणखी एक अंडं मोजायला बसली होती. थंड कपाटातून बशी काढली, अंडं वाटीत ठेवलं, सुया टोचल्या, व्होल्टेज उणे एकशे साठवर नेलं, झडप उघडली. पडद्यावरची रेघ नेहमीसारखी उचलली गेली. थोडी बुटकी होती, पण उचलली गेली. तिने बशीवरची चिठ्ठी सहज पाहिली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कोरी'.

कोरी म्हणजे ज्यांच्यात पंप घातलेलाच नाही अशी अंडी. या अंड्यावर सूर्य आणून ठेवला तरी काही व्हायला नको.

चिठ्ठी चुकीची लागली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसरं कोरं अंडं घेतलं. रेघ उचलली गेली. तिसरं घेतलं. तरी तेच. मग तिने अंडंच काढून टाकलं, आणि हिरव्या उजेडात नुसतीच चमकणारी ती वाटी कितीतरी वेळ पाहत राहिली. उजेड वाटीच्या मधोमध पडत होता. आणि मध्यापासून बोटभर अंतरावर, त्याच उजेडात न्हालेली, चांदीची तार होती.

चांदीच्या तारेवर क्लोराइडचा पातळ थर असतो, आणि त्याला उजेड सोसत नाही. उजेड पडला की तार स्वतःच थोडंसं व्होल्टेज तयार करते. हे ती पहिल्या वर्षी शिकली होती. नव्याने येणाऱ्यांना तीच शिकवायची. म्हणून तर तिने अगदी सुरुवातीला कोरी अंडी मोजून पाहिली होती, एकदा नव्हे, वीसदा. तेव्हा रेघ सपाट होती. पण ती जुनी वाटी होती, लांबट, तार पार दुसऱ्या टोकाला, अंधारात. आठ महिन्यांपूर्वी पाणी पटपट बदलता यावं म्हणून तिनेच वर्कशॉपच्या मिस्त्रींकडून नवी छोटी वाटी करून घेतली होती. कोरी अंडी त्या वाटीत पुन्हा मोजायला हवी होती. तिने मोजली नव्हती. घाई होती. तिला नेहमीच घाई असायची.

ड्रॉवरमधून काळा कागद काढून तिने त्याची इवलीशी नळी केली आणि तारेवर चढवली. आता पंप असलेलं अंडं घेतलं. शून्य व्होल्टला पंप जोरात चालला. उणे चाळीसला थोडा मंदावला. उणे ऐंशीला आणखी. उणे एकशे साठला रेघ जमिनीवरून जेमतेम उठली.

पंप दमत होता, सगळ्यांसारखाच. शून्यापासून दूर जावं तशी अंड्याच्या पटलातून गळती वाढत होती, त्या गळतीवर तारेचा खोटा प्रवाह स्वार होत होता, आणि पंपाने गमावलेलं सगळं इमानेइतबारे भरून काढत होता. इतकं बेमालूम, की तिने त्याचा सिद्धांत केला होता.

ती उठली. दिवा बंद केला, सुया काढल्या, त्याही नीट डबीत ठेवल्या, आणि बाहेर पडली.

भर उन्हात ती चालत सुटली. औषधाच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीवरून, गाड्या धुण्याच्या जागेवरून, आणि पुन्हा त्याच रस्त्याने मागे. तिसऱ्या फेरीला औषधवाल्याने बाहेर येऊन विचारलं, "काही हवंय का?" तिने मान हलवली. काय हवं होतं? आठ महिन्यांपूर्वीचा एक दिवस परत हवा होता, एवढंच. तो कुठल्याच दुकानात मिळत नव्हता.

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा न काढता आईला सगळं सांगितलं. आईने चष्म्याआडून मान तिरपी करून ऐकलं.

"कोणाला कळलंय?"

"नाही. मलाच आत्ता कळलं."

"मग आधी हातपाय धू."

"आई!"

"ओरडू नकोस, नीट ऐक. ते जागेचं पत्र कधी येणार?"

"आठ-दहा दिवसांत."

"मग आठ-दहा दिवस गप्प बस. पत्र हातात पडू दे, मग सांग काय सांगायचं ते. तोवर तू शोध घेत होतीस असं म्हण. खोटं थोडंच आहे?"

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. "तू सांगतेयस हे? कोर्टात आयुष्य गेलं तुझं."

"म्हणूनच सांगतेय. बत्तीस वर्षं टाइप केलंय मी. आपणहून कबूल करणाऱ्याचं कौतुक सगळे करतात गं, न्यायाधीशसुद्धा करतात. पण शिक्षा कमी झालेली मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली." आईचा आवाज जरा खाली आला. "मी काही तुला खोटं बोल म्हणत नाही. तुझं वय वाढतंय, माझं तर वाढून झालंय. मला तुझी काळजी वाटते, बाकी काही नाही."

यावर भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आई भांडायच्या सुरात बोलतच नव्हती. भिंगरी जेवायला बसली, दोन घास खाऊन उठली, ताट धुतलं, पुन्हा धुतलं. आठ-दहा दिवस. काय मोठंसं? पंप काही पळून जात नव्हता.

आणि ताट पुसता पुसता तिला मिनिटबाई आठवली.

मिनिटबाई तिच्याच शेजारच्या टेबलावर काम करायची, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. वहीत प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहायची, मिनिटासकट, म्हणून ते नाव. भिंगरीचा तो न दमणारा पंप ती मज्जापेशींमध्ये घालून बघत होती. अतिउत्तेजित झालेल्या मज्जापेशीला उजेडाने शांत करता येईल का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. पंप प्रोटॉन बाहेर काढतो तशी पेशी आतून अधिकाधिक ऋण होत जाते आणि निवते. पण ती ऋण होत असतानाच पंप दमला तर सगळंच मुसळ केरात. भिंगरीचा पंप दमत नाही, या भरवशावर त्या पोरीने सात महिने घातले होते.

पाच महिन्यांपूर्वी ती एक आलेख घेऊन आली होती. "ताई, माझ्याकडे पंप मध्येच मंदावतो. पेशीचं व्होल्टेज खाली गेलं की ढेपाळतोच."

भिंगरी तेव्हा सुई टोचत होती. तिने वर न बघताच म्हटलं होतं, "तुझा हात अजून बसला नाहीये. अजून दहा-बारा पेशी कर, होईल ठीक."

एवढंच. मग दोघी आपापल्या कामाला लागल्या होत्या. पण त्यानंतर मिनिटबाई तिला काही विचारायला आलीच नव्हती. गेले काही आठवडे तर ती सकाळी यायची आणि डबा खाऊन सरळ घरी जायची. तिचं कपाट अर्धं रिकामं झालं होतं. भिंगरीने हे सगळं पाहिलं होतं, पण तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

सकाळी आई उठायच्या आत ती घरातून निघाली.

मिनिटबाई जिन्यातच भेटली. हातात पाकीट होतं, बंद केलेलं, वर सरांचं नाव.

"काय आहे गं ते?"

"काही नाही, ताई."

"सोडून चाललीस?"

मिनिटबाई पाकिटाची कड नखाने दाबत राहिली. "मला नाही जमत हे. सगळ्यांना जमतं. मला नाही. माझी जिद्दच कमी आहे बहुतेक. कुठेतरी शिकवायला लागेन."

भिंगरीला खाली बसावंसं वाटलं. जिन्याच्या पायरीवर ती बसलीही, आणि बसल्या जागेवरून, कठड्याच्या सळीकडे बघत, तिने सांगून टाकलं. तार. वाटी. कोरी अंडी. काळा कागद. "तुझं बरोबर होतं. पंप दमतो. माझंच मोजणं चुकलं होतं."

तिला वाटलं होतं, पोरीचा जीव भांड्यात पडेल. कदाचित ती रडेल, आणि मग आपण तिच्या पाठीवर हात ठेवू. तसं काहीच झालं नाही. मिनिटबाई वळून वर गेली. भिंगरी तिच्या मागोमाग. मिनिटबाईने आपलं कपाट उघडलं, तळातून एक जाड वही ओढली आणि टेबलावर आपटली.

"एकसष्ट पेशी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्यामुळेच ऐकवेना. "एकसष्टच्या एकसष्टांत पंप मंदावला. आणि प्रत्येक पानाखाली मी काय लिहिलंय ते वाच."

भिंगरीने पान उलटलं. अकरा वाजून चार मिनिटं, हात चुकला. तीन वाजून चाळीस मिनिटं, हात चुकला. पुढचं पान. हात चुकला. पुढचं.

"पाच महिने मी आरशात स्वतःचे हात बघतेय, ताई. थरथरतात का म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, उत्तम आहेत." तिने वही ओढून घेतली. "तू एकदा वळून माझा आलेख बघितला असतास ना, नुसता वळून..."

"हो," भिंगरी म्हणाली.

"सरांना सांगितलंस?"

"आत्ता जातेय."

"जा मग."

सर टेबलाशी बसून परिषदेचीच चित्रं नीट लावत होते. साठीचे गृहस्थ, मवाळ बोलणारे, रागावले की चष्मा पुसत बसायची सवय. भिंगरी उभ्यानेच बोलली. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा पुसायला घेतला. पुष्कळ वेळ पुसला.

"कोरी अंडी नव्या वाटीत मोजली नव्हती?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, सर."

"हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारतो. तुम्हाला विचारलं नाही." ते खिडकीकडे वळले. "म्हणजे माझीही चूक आहेच. पण ती नंतर बघू. किती अंड्यांवर पाहिलंत कागद लावून?"

"तीन."

"तीन अंड्यांच्या जोरावर मी छापायला गेलेला निबंध मागे घेऊ? उद्या कागदातच काही खोट निघाली तर?"

"निबंध मागे घ्यायचं पत्र आजच जायला हवं, सर."

"आधी मोजा. नीट मोजा. मग पत्र." आवाज चढला नव्हता, पण चष्मा अजून हातातच होता. "तीन दिवस देतो. शनिवारी सकाळी इथे या. आणि आता तो कागद-बिगद नको. तार वाटीतून बाहेर काढा."

मिस्त्रींनी त्याच दुपारी नवी वाटी करून दिली. तार एका वेगळ्या, झाकण असलेल्या काळ्या कुपीत. कुपी आणि वाटी यांच्यामध्ये खारट जेलीने भरलेली वाकडी काचनळी. वीज जेलीतून जाईल, उजेड जाणार नाही. काम करताना मिस्त्री एरवी सारखे गुणगुणायचे. त्या दिवशी गप्प होते.

"ताई, ती आधीची वाटी मीच केली होती ना," शेवटी ते म्हणाले. "तार कुठे ठेवू म्हणून विचारायला हवं होतं मी."

"तुम्ही विचारलं होतंत, काका," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, कुठेही चालेल."

पुढच्या दोन दिवसांत तिने जितकं मोजलं तितकं सबंध महिन्यातही कधी मोजलं नव्हतं. पहिल्याच सकाळी मिनिटबाई आपलं स्टूल ओढत तिच्या टेबलापाशी आली. राजीनाम्याचं पाकीट तिच्या पिशवीतून अजून डोकावत होतं.

"वही मी धरते," ती म्हणाली. "व्होल्टेजचे आकडे मी लावीन. कुठला आकडा लावलाय ते तुला दिसणार नाही. तू फक्त अंडं सांभाळ आणि झडप उघड."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

भिंगरीने मान डोलावली. बरोबरच होतं. तिचा तरी स्वतःवर कुठे होता?

मग दोघींचं सुरू झालं. एक कोरं अंडं, एक पंपाचं, एक कोरं, एक पंपाचं. बोलणं अगदी कामापुरतं. "उघड." "मिटली." "दहा वाजून बावीस." एखादं अंडं फुटलं की भिंगरीचे पाय आपोआप दाराकडे वळत, आणि मिनिटबाई वहीतून डोकं न काढता म्हणे, "बस." आणि ती बसे. जन्मात पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकून ती बसत होती. मधूनच तिला आशाही वाटायची, आणि त्या आशेची तिला लाज वाटायची. वाटायचं, कोण जाणे, निदान थोडा तरी कमी दमत असेल. बाकीच्यांपेक्षा जरासा तरी शूर निघेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आईने विचारलं, "सांगितलंस ना शेवटी?"

"सांगितलं."

"वाटलंच मला." आईने हात चाचपत पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. रागावली होती की काय ते चष्म्यामुळे कळेना. "आता सांगितलंच आहेस तर नीट सांग. अर्धवट कबुलीसारखं वाईट काही नाही. वकील चिंध्या करतात तिच्या."

शनिवारी सकाळी मिनिटबाईने वहीतले आकडे उघडले आणि आलेख काढला. कोऱ्या अंड्यांची रेघ टेबलासारखी सपाट होती. पंपाची रेघ शून्य व्होल्टला चाळीस फेऱ्यांपाशी सुरू होऊन घसरत घसरत उणे एकशे साठला अकरावर आली होती. शूर-बिर काही नाही. चारचौघांसारखा पंप.

सरांनी आलेख खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग मिनिटबाईची ती जाड वही मागून घेतली आणि तिच्यातले एकसष्ट आकडे, पानापानावरून उचलत, पेन्सिलीने त्याच आलेखावर मांडायला बसले. त्यांना अर्धा तास लागला. तोवर दोघी उभ्याच होत्या. ठिपके थोडे इकडे तिकडे पडले, पण घसरगुंडी तीच.

"हे तुम्ही मज्जापेशीत मोजलंत," सर मिनिटबाईला म्हणाले, "आणि कोणाला दाखवलं नाहीत?"

मिनिटबाईने भिंगरीकडे पाहिलं नाही. भिंगरीच बोलली. "तिने मला दाखवलं होतं, सर. मीच तिला चुकीचं ठरवलं."

सरांनी कागद पुढे ओढला आणि निबंध मागे घ्यायचं पत्र तिथल्या तिथे लिहिलं. कारण लिहिताना थांबून त्यांनी तिला विचारलं, "काय लिहू? उपकरणातील दोष?"

"नको. कोरी अंडी नव्या वाटीत मोजली नाहीत, असं लिहा. तेच झालंय."

त्यांनी तसं लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या.

परिषदेत सर बोलायला उभे राहिले ते त्या आलेखावरच. पण आधी दहा मिनिटं त्यांनी चांदीच्या तारेची गोष्ट सांगितली. भिंगरी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती, जरूर पडली तर पळता यावं म्हणून. कोणी हसलं नाही. चहाच्या वेळी एक पांढऱ्या केसांच्या बाई तिच्याकडे आल्या आणि तुमची जेलीची नळी किती जाड आहे, एवढंच विचारून वहीत टिपून गेल्या. दुसरे एक गृहस्थ तिला ओळखत असूनही न ओळखल्यासारखं करून पुढे सरकले. दोन्ही तिने सोसलं.

दुसऱ्या संस्थेचं पत्र आलं ते अडीच ओळींचं. सद्यःस्थितीत जागेचा विचार पुढे ढकलण्यात येत आहे, वगैरे. आईने ते स्वतः वाचलं. तोवर तिला वाचायची परवानगी मिळाली होती. वाचून घडी घातली. "टायपिंग चांगलं आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "मी सांगितलं होतं ना?" आणि मग आणखी जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत, "ऐकलं नाहीस ते बरं केलंस." आईच्या तोंडून असलं वाक्य चौतीस वर्षांत एवढं एकदाच निघालं.

सरांनी तिची मुदत एक वर्षाने वाढवून घेतली. त्यासाठी त्यांना तीन ठिकाणी जाऊन बोलावं लागलं, असं मिस्त्रींकडून कळलं. सर स्वतः चकार शब्द बोलले नाहीत.

नवा निबंध लिहायला घेतला तो मिनिटबाईने. नाव तिचंच पहिलं. दमणारा पंप मज्जापेशीला कुठपर्यंत शांत करू शकतो आणि कुठे हात टेकतो, याची मर्यादा त्यात पहिल्यांदा नेमकी मोजलेली होती. आपल्याला वाटत होतं त्याहून हे उपयोगाचं आहे, असं सरांचं मत पडलं. राजीनाम्याच्या पाकिटाचं पुढे काय झालं ते भिंगरीने विचारलं नाही.

दोघी रोज शेजारी शेजारी बसत. एकदा डबे खाताना मिनिटबाई अचानक म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, ताई. तुला वाटत असेल गेला म्हणून सांगतेय."

"मला नाही वाटत तसं."

"जाईल बहुतेक. पण वेळ लागेल."

"चालेल," भिंगरी म्हणाली. "मी वर्षभर आहे."

मिनिटबाईने डब्याचं झाकण लावलं आणि पडद्यावरच्या आलेखाकडे बोट केलं. "तो उणे एकशेवीसचा ठिपका बघ. वर आलाय. मला पटत नाही तो."

"अंडं जुनं असेल."

"असेल. नसेलही."

भिंगरीच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते तिने तोंडातच ठेवलं, वळून तो ठिपका नीट पाहिला, वहीतली वेळ पाहिली, त्या दिवशीची कोरी रेघ पाहिली. मग थंड कपाटातून नवी बशी काढली, तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली, आणि दोघींनी ते पुन्हा मोजायला घेतलं.